रोटर उत्तम स्थितीत

३ मार्च, सोमवार. सकाळ.

गाडी सुरू होत नाही. किल्ली फिरवली की इंजिन खर्र खर्र फिरतं, चांगलं जोरात फिरतं, पण पकडत नाही. दहा वेळा मारून बघितलं. शेवटी पेट्रोलचा वास सुटला, मग सोडून दिलं. वैताग.

शनिवारपर्यंत ठणठणीत होती. शनिवारी बाजारातून मीच आणून आत लावली. गेटपाशी कोणीतरी वाटेत ठेवलेली लाल बादली चाकाखाली आली, तेवढं सोडलं तर प्रवास निर्विघ्न. बादली चेंगरली. त्यावरून शेजारची सून केवढी किंचाळली. प्लास्टिकच्या बादलीसाठी इतका कांगावा मी जन्मात ऐकला नव्हता. असल्या लोकांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही, म्हणून खाली उतरून बघितलंसुद्धा नाही. सरळ घरात आलो.

ही सून म्हणजे टूथब्रशची. टूथब्रश हे शेजाऱ्याला मी ठेवलेलं नाव. सकाळभर तोंडात ब्रश धरून कुंपणावर रेलतो आणि फेसातून जगाला सल्ले देतो. किळस येते.

२३ तारखेला रविवारी लेक आणि नात येताहेत. नात चार वर्षांची. आजोबा स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर येणार, असं मी तिला फोनवर कबूल केलंय. लेक म्हणाली, बाबा, आम्ही टॅक्सीने येऊ. मी म्हटलं, टॅक्सीनेच यायचं तर आजोबा हवेत कशाला? तिने फोन नातीकडे दिला. पटलं असणार.

संकल्प: दोष मी स्वतः शोधणार. बेअरिंगच्या कारखान्यात जन्म गेला तपासनीस म्हणून. केसाएवढी चीर नुसत्या नजरेने पकडायचो आणि लाल शिक्का मारायचो, रिजेक्ट. त्या माणसाला एक कार्बोरेटरवाली जुनी गाडी काय भारी आहे? येत्या रविवारपर्यंत सुरू.

५ मार्च, बुधवार.

काम शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी. एकेक तपासायची. आधी मॅन्युअल काढलं. छपाई इतकी फिकट की एक अक्षर धड लागेना. गाडी घरात आली तेव्हा हेच पुस्तक मी आडवं पडून वाचलं होतं, म्हणजे शाई कपाटात बसल्या बसल्या उडाली. हल्लीच्या वर्तमानपत्राचीही तीच तऱ्हा. लोक शाईत पाणी घालतात.

ही म्हणाली, चष्मा लावा. हिच्या हट्टापायी दोन वर्षांपूर्वी केला होता. एक दिवस लावला, आरशात घुबड दिसलं, चष्म्याच्या घरात घालून ड्रॉवरमध्ये टाकला. तो तिथेच बरा आहे. गरज चष्म्याची नाही, चांगल्या छापखान्याची आहे. मग हिने डोळ्यांच्या डॉक्टरचं काढलं. मी विषय बदलला.

गाडी मूळची सासऱ्यांची. माणूस भयंकर संशयी. गाडी कुठेही लावली की बॉनेट उघडून इंजिनमधला एक छोटा तुकडा काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. तो नसला की चोराने कितीही स्टार्टर मारला तरी गाडी चालू होत नाही, असं ज्याला त्याला सांगायचे. खिशाला कायम ग्रीसचा डाग. मी जावई, मुकाट ऐकून घ्यायचो. ही मात्र लहानपणी बॉनेटपाशी उभी राहून ते सगळं कौतुकाने बघायची म्हणे. कौतुक कशाचं करावं याला काही धरबंध नाही.

६ मार्च, गुरुवार.

पेट्रोल तपासलं. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरली आणि हिला स्टार्टर मारायला बसवलं. हिने क्लच दाबून गिअर न्यूट्रल आहे का बघितलं, मग किल्ली फिरवली. वर विचारते, चोक ओढू का? म्हटलं, सांगितलं तेवढंच कर.

पेट्रोल व्यवस्थित आलं. गाडीतला पेट्रोलचा पंप पास. थोडं बाटलीत, बाकीचं माझ्या चपलेवर. बाटलीचं तोंड फारच लहान होतं. ही म्हणाली बाटलीचं तोंड चांगलं रुंद आहे, तुम्ही नळी बाहेर धरली होतीत. वाद घातला नाही. पायाला अजून वास येतोय, जेवण गेलं नाही.

८ मार्च, शनिवार.

आज ठिणगी. एक प्लग काढला, वायर जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला, हिने स्टार्टर मारला. ठिणगी उत्तम. निळी, ठळक. हिला गाडीतून बोलावून विचारलं, दिसली ना? म्हणाली, तुम्हाला दिसली ना, मग झालं. तांत्रिक विषयात रस नाही हिला.

प्लग मात्र पेट्रोलने ओलाचिंब. पुसून ठेवला.

मग डिस्ट्रिब्युटर. प्लगांच्या सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती काळी टोपी. टोपीखाली रोटर असतो, बोटाच्या पेराएवढा तुकडा, तो फिरत फिरत एकेका प्लगला वीज वाटतो. टोपी उघडली, वाकून तपासणी केली. रोटर उत्तम स्थितीत. टोपी बंद. कारखान्यात असतो तर लगेच हिरवा शिक्का मारला असता.

ही तेव्हा अगदी शेजारी उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग आत निघून गेली. मागून गेलो तर ओट्यापाशी डोळे पुसत होती. पेट्रोलचा वास सहन होत नाही हिला. पुढच्या वेळी लांब उभी राहा म्हणून सांगितलं.

९ मार्च, रविवार.

रविवार आला. गाडी सुरू नाही. दोष माझा नाही, रविवारी स्पेअरची दुकानं बंद असतात. नवी मुदत: पुढचा शनिवार.

बैठकीतला बल्ब मंद झाला म्हणून बदलला. नवाही तसलाच. दुकानदाराला परत करायला गेलो, तर दुकानात लावून दाखवतो आणि म्हणतो, काका, लख्ख आहे की. येताना रस्त्यावरचे दिवे बघितले. नगरपालिकेने कुठली स्वस्तातली काच बसवली आहे देव जाणे, एकेका दिव्याभोवती हे एवढं रंगीत कडं. कर भरायचा तो यासाठी. तक्रार करणार.

११ मार्च, मंगळवार.

मला मदतनीस नको आहे. पण वजन उचलायला कोणी असावं, म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला सांगून आलो. काल येतो म्हणाला, आला नाही. आज सकाळी येतो म्हणाला, आला नाही. फोन केला तर म्हणतो, काका, जुन्या गाडीला थोडा आराम द्या, आपोआप बरी होते कधीकधी. हा मिस्त्री आहे की वैद्य?

तसा दुपारी तो गेटपाशी दिसला होता. ही त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. चांगली खरडपट्टी काढत असावी. मी बाहेर येईपर्यंत तो मान हलवत निघून गेला. लाज वाटली असणार.

१२ मार्च, बुधवार.

टूथब्रश बोलायचा बंद झालाय. आधी गाडीवर रोज एक सल्ला फुकट मिळायचा, आता मला बघून तोंड फिरवतो. मी पाना घेऊन अंगणात आलो की सून धावत येऊन पोराला उचलून आत नेते. गाडी आमची जुनी असली तरी आहे, त्यांच्याकडे स्कूटर. जळफळाट, दुसरं काय.

तरी मोठ्या मनाने आज मीच कुंपणाकडे बघून हात केला. उत्तर नाही. दुसऱ्यांदा केला. नंतर ही म्हणाली तो वाळत घातलेला टॉवेल आहे. असेल. लटकला अगदी त्याच्यासारखाच हेकटपणे होता.

१४ मार्च, शुक्रवार.

निदान झालं. ठिणगी आहे. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतंय. रोटर खात्रीसाठी सकाळी पुन्हा बघितला, उत्तम. उरला कार्बोरेटर. सोपं गणित.

जेवणाच्या टेबलावर उघडला. हिने खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि खिडक्या उघडल्या.  इतकं सहकार्य हिच्याकडून लग्नापासून मिळालेलं नाही, जरा संशय आला. कार्बोरेटरच्या आत पिवळट चिकट गाळ बसला होता. सासऱ्यांनी आयुष्यात कधी तो साफ केला नसावा, खिशात तुकडे घालून हिंडण्यातच वेळ गेला. टूथब्रशसारखाच एक जुना ब्रश घेऊन घासला. शी.

जोडताना एक वॉशर सापडेना. गुडघ्यांवर बसून टेबलाखाली चाचपला, मिळाला. पांढरा आणि हलका निघाला, मला तो पितळेचा आठवत होता. बसवला घट्ट. शेवटी एक स्प्रिंग उरली. जुन्या काळी कंपन्या एखादा भाग जास्तीचा देत असत.

१५ मार्च, शनिवार.

कार्बोरेटर बसवला. स्टार्टर मारला. खर्र खर्र. नंतर खर्र. नंतर टक. बॅटरी उतरली. हातगाडीवर घालून चार्जिंगला देऊन आलो. वाटेत एका खांबाला धडकलो, खांब फुटपाथच्या मधोमध रोवला आहे. हे शहर आंधळ्यांनी बांधलंय.

घरी ही बिछान्याखाली, सोफ्याखाली, शर्टाचं बटण शोधते आहे. इथे गाडी मरून पडली आहे आणि हिला बटणाची पडली आहे.

१७ मार्च, सोमवार.

बॅटरी आली. गाडी नाही. पुन्हा मुळापासून सगळं. टोपी उघडली. रोटर उत्तम स्थितीत, किंचित धूळ, फुंकर मारली. ही आज लांब, पायरीवर बसली होती. म्हणाली, अहो, नीट बघितलंत ना? म्हटलं, बत्तीस वर्षं हेच केलं. ती म्हणाली, नीट बघा एकदा. मी टोपी लावून टाकली. घरातल्या घरात माझ्या नजरेवर अविश्वास दाखवला की डोकं फिरतं.

१८ मार्च, मंगळवार.

नातीचा फोन. विचारते, आजोबा, गाडी बरी झाली का? म्हटलं, होते आहे. म्हणाली, तिला कुठे दुखतंय? मला सांगता आलं नाही. पोरीने पुन्हा विचारलं. म्हटलं, कळेल दोन दिवसांत. फार वाईट वाटलं. तिला कधी काही कबूल करून मोडलेलं नाही मी.

नंतर हिने फोन आतल्या खोलीत नेला आणि लेकीशी कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत बसली. माझं कौतुक माझ्या तोंडावर करायचं नाही, ही या घराची जुनी खोड.

२० मार्च, गुरुवार.

गाडीचा नाद सोडला. सोडला म्हणजे तूर्त. गाडी रिजेक्ट, मिस्त्री रिजेक्ट, मॅन्युअल रिजेक्ट. पण शब्द शब्द आहे. स्टेशनवर मीच जाणार आणि चाकामागे मीच बसणार. भाड्याने गाडी देणारी एक एजन्सी आहे, ड्रायव्हर न घेता नुसती गाडी देतात. नवीकोरी. किल्ली फिरवली की सुरू. शनिवारी आणायची, रविवारी सगळ्यांना फिरवायचं, नातीला पुढे मांडीवर बसवायचं.

जेवताना हे जाहीर केलं. हिचा हात ताटातच थांबला. मला वाटलं, भाड्याचा आकडा विचारेल. तर ती ताट तसंच ठेवून उठली.

२१ मार्च, शुक्रवार.

आज लिहिणार नव्हतो. पण लिहितो.

सकाळी एजन्सीला फोन लावत होतो. दोन वेळा लाँड्रीत लागला. हल्लीच्या फोनचे आकडे मुंगीएवढे. तिसऱ्यांदा लावतोय तोवर ही आली, माझ्या हातातून फोन काढून घेतला, ड्रॉवर उघडला आणि चष्म्याचं घर माझ्यासमोर ठेवलं.

"उघडा."

म्हटलं, मला चष्मा नको आहे.

"चष्म्यासाठी नाही सांगत. उघडा."

उघडलं. आत चष्मा आणि चष्म्याखाली फडक्याची पुरचुंडी. पुरचुंडीत एक कडक, छोटासा तुकडा. मला नुसता तपकिरी ठिपका दिसला, पण हातात धरल्यावर बोटांना कळलं. वरची पितळी पट्टी, खालची खाच. रोटर.

मी म्हणालो, हा जुना असणार. गाडीतला गाडीत आहे, सोमवारीच बघितला.

ती म्हणाली, "गाडीत रोटर नाही. त्या शनिवारी संध्याकाळी मीच काढलाय, बाबा काढायचे तसा."

मी म्हणालो, पण टोपी उघडून मी स्वतः...

"तीनदा उघडलीत. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी तुम्हाला कळेल, तुम्ही चिडाल, मग मी सगळं सांगेन. तुम्ही रिकाम्या जागेत वाकून बघितलंत आणि उत्तम म्हणालात. मग माझी जीभ उचलेना."

खुर्चीवर बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, किल्लीच लपवायची, एवढा उद्योग कशाला? म्हणाली, किल्ली लपवली असती तर तुम्ही तासाभरात दुसरी करून आणली असती. गाडीच बिघडली म्हटल्यावर तुम्ही महिनाभर तिच्यातच गुंतणार, हे माहीत होतं. मिस्त्रीलाही तिनेच थोपवलं होतं. लेकीलाही सगळं ठाऊक आहे. म्हणजे सगळ्यांना ठाऊक.

मग ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "ती बादली नव्हती. शेजारच्या पोराची तीनचाकी सायकल होती. चेंडू आणायला म्हणून ते नुकतंच उतरलं होतं. सून कशाला किंचाळली असं वाटतं तुम्हाला?"

मी रोटर पुन्हा फडक्यात गुंडाळला.

"रविवारी त्याच गेटमधून आपली नात येणार आहे."

 उठताना ती एवढंच म्हणाली की रोटर मुद्दाम त्या घरात ठेवला होता. तुम्ही एकदा जरी चष्मा लावायला घर उघडलं असतं, तर गाडी तुमची होती. मी अडवलं नसतं.

ती गेल्यावर चष्मा लावला. रोजनिशी मागे चाळली. रोटर उत्तम स्थितीत. अक्षर माझंच आहे. ते सगळं ओळींच्या खाली घसरत गेलंय, हे आजच दिसलं. ठिणगीचंही लिहिलंय. निळी, ठळक.

२२ मार्च, शनिवार.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यात आलं. डॉक्टरीणबाई लेकीपेक्षा लहान. तक्त्यातलं वरचं मोठं अक्षर मी खणखणीत वाचलं. खालच्या ओळींची छपाई फिकट आहे म्हणालो. ही खाली बघत राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, छपाई चांगली आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आता नुसत्या चष्म्याने भागणार नाही, ऑपरेशन करावं लागेल. पाहुणे गेले की करू असं ठरलं. तोवर गाडी चालवायची नाही. असलं कोवळं पोर मला मनाई करतं आणि मी हो म्हणून मान हलवतो.

घरी येऊन हिने मिस्त्रीला फोन केला. चहा गाळून होईपर्यंत हजर. कार्बोरेटर उघडला, एक पांढरी वस्तू काढून हिच्या तळहातावर ठेवली. शर्टाचं बटण. मी खिशातून ती जास्तीची स्प्रिंग काढून दिली. मिस्त्री हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. बटण हिने धुऊन शर्टाला लावलं, पण पेट्रोलचा वास गेलेला नाही.

संध्याकाळी दुकानात जाऊन लाल तीनचाकी सायकल घेतली. हिने रंग लाल असल्याची खात्री करून दिली. कुंपणावरून टूथब्रशकडे दिली. त्याने तोंडातला ब्रश बाहेर काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.  पोर मागे उभं होतं, एवढंसं. सायकलपेक्षा फार मोठं नव्हतं.

२३ मार्च, रविवार.

हिने टोपी उघडली, रोटर अंगठ्याने दाबून बसवला, क्लिपा लावल्या. चोक अर्धा ओढला, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. लग्नाआधी सासऱ्यांनी हिला याच गाडीवर शिकवलं होतं. मला माहीत होतं हे. लग्न झाल्यापासून मी तिला कधी चालवायला दिली नाही, इतकंच.

स्टेशनवर नात धावत आली. गाडी बरी झाली का विचारलं. म्हटलं, झाली. मग तुम्ही का नाही चालवत? ही म्हणाली, आता आजोबांना बरं करायचंय. नातीने माझ्या चष्म्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, कुठे दुखतंय? म्हटलं, दुखत नाही कुठेच.

परतताना मी मागे बसलो, नात माझ्याशेजारी, तिचा हात हातात. चष्मा लावून पूर्ण वेळ समोर बघत होतो. रस्ता सगळा मोकळा दिसत होता. तरी ही वाटेत चार वेळा ब्रेक मारून थांबली. का थांबली, ते मी विचारलं नाही.